अण्णांची झेन आणि बोअरचं पाणी

दिवे घाट निम्मा चढलो आणि टेम्परेचरचा काटा लाल पट्टीला टेकला. एप्रिलची दुपार, मागच्या सीटवर आई, आणि गाडी अण्णांची, 1998 ची मारुती झेन. कडेला घेऊन बॉनेट उघडलं तर गोडसर, उग्र वास. गरम इंजिनवर कुलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारं द्रव, ठिबकत होतं. रेडिएटरच्या झाकणाला मी हात लावला नाही, तुम्हीही कधी लावू नका. त्या झाकणावर 0.9 लिहिलेलं असतं, म्हणजे 0.9 बार. आत तेवढा जादा दाब असतो आणि त्या दाबाखाली पाणी 118 अंशांच्या आसपास जाऊन उकळतं. झाकण फिरवलं की दाब जातो आणि तेच पाणी उसळून अंगावर येतं. तासभर थांबलो, मग बाटल्यांतलं पाणी भरून सासवड गाठलं.

पुण्यात एका गॅरेजमध्ये काही न उघडताच हेड गॅस्केट, म्हणजे इंजिनच्या दोन भागांमधलं पॅकिंग, गेल्याचं सांगितलं. मला ते पटेना. डिपस्टिकवरचं ऑइल स्वच्छ होतं, पाणी मिसळल्याचा दुधाळपणा नावालाही नाही. गाडी घरी आणली आणि रविवारी सकाळी, इंजिन पूर्ण थंड असताना, स्वतःच खोलायला घेतली.

गळती दोन ठिकाणी सापडली. एक थर्मोस्टॅटच्या (इंजिन तापल्यावर पाण्याची वाट उघडणाऱ्या झडपेच्या) ॲल्युमिनियमच्या एल्बोला, म्हणजे वाकड्या नळीला, दुसरी इंजिनच्या मागून वॉटर पंपाकडे जाणाऱ्या लोखंडी पाईपला. एल्बोवरचा रबरी होज इतका चिकटला होता की ब्लेडने उभा चिरूनच काढावा लागला. आत पाहिलं तर एल्बोच्या तोंडावर पांढरा थर. नखाने खरवडला तशी पूड झडली आणि खाली ज्वारीच्या दाण्याएवढे खड्डे दिसले. क्लिप कितीही आवळली तरी त्या खड्ड्यांतून पाणी येणारच होतं. लोखंडी पाईपचं टोक तर पापुद्र्यांसारखं सुटत होतं.

कारण मला लगेच कळलं. फलटणला आमच्याकडे बोअरचं पाणी आहे. बंबात चुन्याचा बोटभर थर बसतो, तांब्या चार दिवसांत पांढरा पडतो. तेच पाणी अण्णा वर्षानुवर्षं रेडिएटरमध्ये भरत आले. कुलंटमध्ये गंज रोखणारी रसायनं असतात, ती आधीच काही वर्षांत संपतात. त्यात क्षारांचं पाणी पडत राहिलं की ॲल्युमिनियम आणि लोखंड दोन्ही आतून खाल्लं जातं.

एल्बोचे बोल्ट आदल्या रात्रीच गंज सोडवणाऱ्या स्प्रेने भिजवून ठेवले होते. पहिला निघाला. दुसऱ्याला बारा नंबरचा पाना लावून जरासा जोर दिला आणि हाताला ते मऊ, चिकट वळण जाणवलं. बोल्ट फिरत नव्हता, पिळला जात होता. थांबेपर्यंत मुंडकं हातात आलं होतं. खाली बसून राहिलो काही वेळ.

गल्लीच्या टोकाला लेथवाले काका आहेत. ते येऊन बघून गेले. कार्बोरेटर शेजारीच असल्याने वेल्डिंग नको म्हणाले. तुटक्या बोल्टच्या बरोबर मधोमध पंच मारला, आधी बारीक ड्रिल, मग 6.8 मिलिमीटरचं, अगदी सावकाश, मध्ये मध्ये तेल सोडत. उरलेले आटे टॅपने, म्हणजे आटे पाडायच्या हत्याराने, साफ केले. चाळीस मिनिटं त्यांनी मान वर केली नाही. ड्रिल केसभर तिरकं गेलं असतं तर एल्बो ज्यावर बसतो तो मॅनिफोल्डच बदलावा लागला असता.

सामानासाठी नाना पेठेत गेलो. एल्बो, पॅकिंग, थर्मोस्टॅट आणि होज लगेच मिळाले, लोखंडी पाईप चौथ्या दुकानात. दुकानदाराने एक गोष्ट बजावली: पाईपच्या ओ-रिंगला ग्रीस लावायचं नाही, त्या रबराला तेल सोसत नाही, ते फुगतं. कुलंटचंच बोट फिरवून पाईप पंपात बसवला. नवा थर्मोस्टॅट बसवण्याआधी पातेल्यात पाण्याबरोबर गरम करून उघडतोय का ते पाहिलं. हे जरूर करा, पाच मिनिटांचं काम आहे.

जुनं पाणी चहाच्या रंगाचं निघालं. ते उघड्यावर सोडलं नाही, कुलंट गोड लागतं आणि कुत्र्यामांजरांना विषारी असतं. कॅनमध्ये भरून बंद केलं. मग सिस्टीम पाण्याने तीनदा धुतली आणि निम्मं कुलंट, निम्मं डिस्टिल्ड वॉटर भरलं. हीटर फुल गरमवर ठेवून, झाकण उघडं ठेवून इंजिन चालू केलं. बुडबुडे येत राहिले, पातळी खाली जात राहिली, मी भरत राहिलो. वरचा होज एकदम गरम झाला तेव्हा थर्मोस्टॅट उघडल्याचं कळलं. बुडबुडे थांबल्यावर झाकण लावलं आणि थोड्याच वेळात पंखा आपोआप सुरू झाला. तो आवाज ऐकून फार बरं वाटलं.

पुढच्या शनिवारी दिवे घाट चढलो. काटा निम्म्याच्या खाली, हललाही नाही. फलटणला पोचलो तर अण्णा सवयीने बोअरच्या पाण्याची कळशी घेऊन अंगणात उभे. जुना एल्बो मी मुद्दाम सोबत नेला होता, तो त्यांच्या हातात दिला. त्यांनी चष्मा लावून बराच वेळ त्या खड्ड्यांवरून अंगठा फिरवला आणि कळशी जास्वंदीला ओतली.