खपलीचा ब्रेड फुगेना

"मॅडम, पुस्तिकेत दिलंय तसंच करा." ब्रेड मशीनच्या हेल्पलाइनला मी तीन वेळा फोन केला आणि तिन्ही वेळा हेच ऐकलं. अजून आठवलं की डोकं तापतं. पुस्तिकेत पिठाच्या जागी नुसतं 'ब्रेड फ्लोअर' छापलंय. आमच्या घरातल्या गव्हाचं काय करायचं एवढंच मी विचारत होते, आणि त्याला कुणाकडेच उत्तर नव्हतं.

मशीन दिरांनी पुण्याहून आणलं. अण्णांना, म्हणजे सासऱ्यांना, सकाळच्या चहाबरोबर ब्रेड लागतो. डॉक्टरांनी मीठ कमी करायला सांगितलं, आणि विकतच्या ब्रेडमधलं मीठ काही आपल्या हातात नसतं. म्हणून मी ठरवलं, ब्रेड घरचा आणि गहूही घरचा. आमचा घरचा गहू म्हणजे खपली, वाळव्याच्या रानातली.

साडेतीन तासांनी झाकण उघडलं तर भांड्याच्या तळाशी चार बोटं उंचीचा घट्ट गोळा. मला वाटलं यीस्ट जुनं असेल. वाटीत कोमट पाणी, चिमूटभर साखर आणि यीस्ट घालून ठेवलं, तर दहा मिनिटांत फेस वर आला. म्हणजे यीस्ट जिवंत होतं. पुढच्या वेळी ते वाढवलं, तर ब्रेडला आंबूस वास आला आणि उंची तेवढीच. तिसऱ्यांदा पाणी वाढवलं, तर वरून भाजलेला आणि आत चिकट गिच्च. चौथ्यांदा कणीक आधी हाताने तिंबून मग मशीनमध्ये टाकली. तरीही तेच. दर वेळी अर्धा किलो घरचं पीठ. अण्णा काही न बोलता त्याचे काप तव्यावर तूप सोडून भाजून खायचे, आणि त्याचंच मला जास्त वाईट वाटायचं.

सुटका झाली ती गिरणीत. दळण टाकताना सहज सांगितलं, तर गिरणीवाले काका म्हणाले, "वहिनी, खपलीला ताण असतोय व्हय? तिची खीर करायची. ब्रेडला लोकवन न्या की."

एका वाक्यात चार आठवड्यांचं कोडं सुटलं. यीस्टमुळे पिठात वायू तयार होतो, पण तो कोंडून धरायला कणीक रबरासारखी ताणली पाहिजे. तो ताण ग्लूटेनचा. खपलीचं ग्लूटेन कमजोर, त्यामुळे वायू निसटतो आणि जाळी पडतच नाही. मशीनने कितीही मळलं तरी जे पिठात नाही ते कुठून येणार?

आता माझं प्रमाण असं: लोकवन गव्हाचं बारीक दळलेलं पीठ 300 ग्रॅम, मैदा 150, खपली 50, पाणी साधारण 330 मिली, तेल दोन मोठे चमचे, साखर दोन छोटे चमचे. पीठ वजनावरच घ्या; वाटीने घेतलं की दर वेळी वेगळं भरतं. भांड्यात आधी पाणी, तेल, साखर आणि मीठ, त्यावर पीठ आणि अगदी वर पिठात खळगा करून कोरडं यीस्ट. रात्री टायमर लावणार असाल तर यीस्टला पाणी लागता कामा नये.

मिठाचं सांगायचं राहिलं. मी ते एकदम निम्म्यावर आणलं, तेव्हा ब्रेड छान फुगला आणि भाजताना मधोमध खचला. मीठ यीस्टला आवर घालतं. ते कमी केलं की यीस्टही कमी करायला हवं. आता एक छोटा चमचा मीठ आणि सव्वा छोटा चमचा इन्स्टंट यीस्ट घालते. सांगलीच्या एप्रिल-मेमध्ये पाणी माठातलं घ्या, कोमट नको, नाहीतर ब्रेड असाच खचतो.

मळणं सुरू झाल्यावर दहा मिनिटांनी झाकण उघडून बघाच. गोळा गुळगुळीत आणि बोटाला किंचित चिकटणारा हवा. कोरडा दिसला तर चमचाभर पाणी, पसरट झाला तर चमचाभर पीठ. भाजणं सुरू झाल्यावर मात्र झाकणाला हात लावू नका. वीज गेली तर माझं मशीन थोडीच मिनिटं थांबतं, मग पहिल्यापासून सुरू होतं. कणीक फुगलेली असेल तर वीज आल्यावर फक्त 'बेक' लावा.

झाल्या झाल्या ब्रेड भांड्याबाहेर काढायचा, नाहीतर वाफेने कडा ओल्या होतात. कापायचा मात्र तासाभराने. मशीनचं मळायचं पातं ब्रेडमध्येच अडकलं तर ओढू नका, निवल्यावर अलगद सुटतं.

पहिला नीट फुगलेला ब्रेड निवेपर्यंत अण्णा चहा न घेता ओट्याजवळ खुर्ची टाकून बसले होते. कडेचा तुकडा त्यांनीच घेतला. आता त्यांना तासगावचे बेदाणे घातलेला लागतो. बेदाणे मशीनची बीप वाजल्यावरच घाला. आधी घातले तर पातं त्यांचा लगदा करतं.