तिरकी घालायची गाडी

पुण्याच्या आतेभावाला आपली छोटी जर्मन सेडान विकायची होती. "बाहेर कशाला देऊ? आठ दिवस चालवून बघ, मग बोलू," असं म्हणून त्यानं किल्ली माझ्या हातात दिली आणि बेळगावच्या सांबरा विमानतळावरून तो कामाला निघून गेला.

छोटी म्हणजे जर्मनांच्या हिशेबानं. २००६ च्या अर्थसंकल्पात ४ मीटरच्या आतल्या लहान इंजिनांच्या गाड्यांवरचं उत्पादन शुल्क उतरलं, तेव्हापासून आपल्याकडं डिक्क्या छाटून गाड्या त्या मापात बसवल्या जातात. जर्मनांची छोटी साडेचार मीटरच्या आसपास असते. तो अर्धा मीटर मला खडे बाजारात कळला. मागं घेताना एक रसवाला "बर्री, बर्री, बर्री" असं कन्नडमध्ये "या, या" करत आला नि एकदम "पुरे" म्हणून ओरडला, "साकू!" काठीभर अंतरावर त्याचाच गाडा होता.

टिळकवाडीतलं दुसरं रेल्वे गेट नेहमीप्रमाणं बंद. ब्रेकवर पाय ठेवला की पेट्रोल वाचवायला इंजिन आपोआप थांबतं. शेजारचा स्कूटरवाला कळवळून म्हणाला, "बंद पडली काय ओ? ढकलू?"

खरी परीक्षा स्पीडब्रेकरांची. वडगावकडं जाताना एकेक ब्रेकर असा, की बांधणाऱ्याला बांध घालायचा होता की काय! एकटा असलो तर निभावतं. मागं तीन माणसं बसली की पोट टेकतं. मग आधी एक चाक, मग दुसरं, अशी गाडी तिरकी घालायची. मागचा रिक्षावाला हॉर्न वाजवतो, समोरचा थांबून बघतो, आणि लाखांच्या गाडीतला मी लग्नात शालू सांभाळत चालणाऱ्या करवलीसारखा. उद्यमबागच्या मेस्त्रीनं गुडघ्यावर बसून खाली डोकावलं. "घासूलालंय की ओ. आमचे ब्रेकर बघून नाही केलेली ही." टायरची कड बोटांनी दाबून बघितली. तिची उंची एवढीशीच, म्हणजे पावसाळ्यातला खड्डा थेट रिमला. तो पुढं काही बोलला नाही. हिशेब त्याच्या चेहऱ्यावर होता.

रविवारी मात्र निपाणीला गेलो. वंटमुरीच्या घाटात तिनं मला बाटवलं. इंजिन दीड लिटरच्याही आतलं, पण टर्बोमुळं ताकद दीडशे अश्वशक्तीची. दोन क्लचांच्या गिअरबॉक्समध्ये एकावर विषम गिअर, दुसऱ्यावर सम. त्यामुळं पुढचा गिअर आधीच तयार असतो, बदलल्याचं पोटातल्या पाण्यालाही कळत नाही. कोगनोळीपर्यंत उगाच पुढं गेलो. कर्नाटकच्या हद्दीतल्या तिथल्या पंपावर कोल्हापूरकडच्या गाड्या स्वस्त पेट्रोलसाठी उभ्या होत्या. त्यांच्या एमएच पाट्यांत माझीही एमएच १२, म्हणजे मीही पाहुणाच. ही पाटी बेळगावची केए २२ करायची तर एनओसी म्हणजे ना-हरकत दाखला, शिवाय इथला आजीवन रस्ता कर. वीस लाखांवरच्या नव्या गाडीला तो १८ टक्के असतो. जुनीला कमी, पण तरी दुखण्याइतका.

आणि आई. पहिल्या दिवशी दार उघडून ती नुसती बघत राहिली. "ही गाडी म्हणायची की विहीर?" छत मागं उतरतं, त्यामुळं डोकं आपटलं, पदर दारात अडकला, आणि उतरताना मला दोन्ही हात धरून तिला वर ओढावं लागलं. तिच्या गुडघ्यांसमोर दीडशे घोडे काय करणार? तेव्हाच मी मनात नाही म्हणून टाकलं.

आठव्या दिवशी तिला हिंडलग्याच्या गणपतीला नेलं. आता तिला युक्ती साधली होती: आधी पाठमोरं बसायचं, मग दोन्ही पाय उचलून आत घ्यायचे. परतताना डोळे मिटून ती गप्प होती. घर आलं, मी दार उघडलं, हात पुढं केला.

"एकदा बसलं की उठू नये वाटतंय बघ," ती म्हणाली.

हे कौतुक की गाऱ्हाणं, ते मी विचारलं नाही. संध्याकाळी आतेभावाचा फोन यायचा होता.