लाल दिवा लुकलुकत होता

माझ्या रेकॉर्डरवर लाल दिवा लुकलुकत असेल तर रेकॉर्डिंग चालू नसतं, स्टँडबाय असतो. दुसऱ्यांदा बटण दाबून तो सलग पेटला की मगच आवाज कार्डवर जायला लागतो. हे मला माहीत होतं, तीन वर्षं तोच रेकॉर्डर वापरतेय, तरी त्या रविवारी सावरकर नगरला काकांच्या घरी मी बटण एकदाच दाबलं आणि पुढचा सव्वा तास काकांच्या तोंडाकडे बघत बसले, दिव्याकडे एकदाही बघितलं नाही.

काका म्हणजे वागळे इस्टेटमधले रिटायर्ड टर्नर, लेथ मशीनवर धातू कापून पार्ट बनवणारे. माझा पॉडकास्ट ठाण्यातल्या कामांवर आहे, म्हणजे ज्यांनी हाताने कामं केली त्यांच्याशी निवांत गप्पा, एवढंच. १९६२ ला एमआयडीसी झाली आणि तिची पहिली वसाहत वागळे इस्टेट. आता तिथून रिक्षाने जाताना काचेची ऑफिसं दिसतात, पण शिफ्ट सुटली की रस्ता कसा भरून जायचा, कोण कुठल्या टपरीवर थांबायचं, हे सांगणारी माणसं अजून किसननगर, लोकमान्य नगर भागात राहतात आणि मला ती त्यांच्याच आवाजात हवी होती, कुणीतरी नंतर लिहिलेली नको होती.

त्या सव्वा तासात काका सांगत होते की चांगला टर्नर जॉबकडे, म्हणजे मशीनवर लावलेल्या तुकड्याकडे, जेवढं बघतो त्याहून जास्त ऐकतो. टूलला धार असेल तर कापताना एकसारखा आवाज येतो, धार गेली की किरकिर सुरू होते आणि जॉब नीट धरलेला नसेल तर सगळं थरथरतं, त्याला ते चॅटर म्हणतात. तिन्ही आवाज त्यांनी तोंडाने काढून दाखवले. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, आणि थाऊ म्हणजे हजारावा. "आम्ही थाऊत बोलायचो," म्हणाले, आणि बोलताना अंगठा आणि तर्जनी अशी धरली होती की जणू मध्ये मायक्रोमीटर आहे.

घरी येऊन कार्ड लॅपटॉपला लावलं तर काहीच नाही. रात्री दोनपर्यंत रिकव्हरीची सॉफ्टवेअरं चालवून बघितली, पण जे रेकॉर्डच झालं नाही ते रिकव्हर काय होणार. खूप रडले. सोमवारी ऐरोलीला ऑफिसला जाताना ठाणे स्टेशनवरूनच काकांना फोन केला, म्हटलं काका माझ्याकडून सगळं गेलं. ते एक क्षण गप्प राहिले आणि म्हणाले, "अगं, जॉब रिजेक्ट झाला तर दुसरा लावायचा. मटेरियल आहे ना अजून. ये रविवारी."

ही तीन वर्षं अशीच गेलीत. नौपाड्यात गल्लीगल्लीत रिडेव्हलपमेंट चालू आहे, दिवसा ड्रिल आणि मिक्सर, त्यामुळे माझं निवेदन रात्री अकरानंतर, बेडरूममध्ये, कपाटाची दोन्ही दारं उघडून आतल्या कपड्यांकडे तोंड करून, कारण कपडे आवाजाचा घुमारा खातात. पंखा बंद. मे महिन्यात पंखा बंद करून बंद खोलीत वीस मिनिटं बोलून बघा. फ्रीजही बंद, आणि तो परत चालू करायचा राहू नये म्हणून घराची किल्ली फ्रीजमध्ये ठेवते, ही युक्ती बऱ्याच रेकॉर्डिंगवाल्यांची आहे, पण मी ती दुधाची दोन पातेली नासल्यावर शिकले. मराठीचं वेगळंच एक आहे, आपले फ आणि भ माइकवर सरळ फुंकर मारतात, "भाऊ फार" म्हटलं की धप्प धप्प होतं. म्हणून माइक तोंडासमोर न धरता थोडा बाजूला, गालाच्या कोपऱ्याशी ठेवायचा. काकांसारखा एक तासाचा गप्पांचा भाग एडिट करायला मला तीन रात्री लागतात. सुरुवातीला मैत्रीण सोबत होती, ती लग्न होऊन पुण्याला गेली, आता सगळं एकटीच करते.

आकड्यांचं सांगायचं तर पहिल्या भागाला ३१ डाऊनलोड, त्यातले निम्मे घरचे. चेंदणी कोळीवाड्यातल्या मावशींचा भाग कुणीतरी व्हॉट्सॲपवर फिरवला आणि तो दोन हजारांवर गेला, मी महिनाभर हवेत होते, वाटलं आता चाललं. पुढच्या भागाला ९४. आणि डाऊनलोड म्हणजे ऐकलं असंही नाही, साधारण एका मिनिटाचा ऑडिओ फोनमध्ये उतरला की तो मोजला जातो, पुढे माणूस ऐकतोय की झोपलाय ते कळत नाही. तरी रोज सकाळी उठून पहिलं तेच बघायची सवय लागली होती. ती मोडायला मला वर्ष लागलं.

एक गोष्ट मात्र मला मनापासून आवडते, ती म्हणजे फीड. फीड ही एक साधी फाईल असते, त्यात भागांची यादी आणि पत्ते, कुठलंही ॲप ती वाचतं. २०२४ मध्ये एक मोठं मोफत ॲप बंद झालं, माझे बरेच ऐकणारे त्यावर होते, पण ते दुसऱ्या ॲपवर गेले आणि माझे सगळे भाग तिथे होतेच. माझं काम कुणा एकाच्या दुकानात अडकून पडलेलं नाही.

तर दुसरा रविवार. या वेळी बटण दोनदा दाबलं, दिवा बघितला, शिवाय फोनवरही रेकॉर्डिंग लावलं. काका तेच सांगतील असं वाटलं होतं, पण ते थेट कंपनीला कुलूप लागलं तिथेच गेले आणि मध्येच थांबले. मी गप्प राहिले. आणि आतून, स्वयंपाकघरातून, काकूंचा आवाज आला, "सांगा ना, आठ महिने रोज डबा घेऊन जायचात ते." पहिल्या वेळी काकू चहा देऊन आत गेल्या होत्या, एक शब्द बोलल्या नव्हत्या. या वेळी मेथी निवडत बसल्या होत्या आणि तिथूनच बोलत राहिल्या. काका रोज सकाळी त्याच वेळेला निघायचे, बंद गेटसमोर बाकीच्यांबरोबर बसायचे, तिथेच डबा खायचे आणि शिफ्ट सुटायच्या वेळी घरी यायचे. डब्यात काय द्यायचं हा प्रश्न काकूंचा होता. पगार बंद होता, पण चारचौघांत डबा उघडल्यावर भाजी दिसली पाहिजे, म्हणून घरी चटणी-भाकरी आणि भाजी फक्त त्या डब्यात. काकांना हे इतक्या वर्षांत माहीत नव्हतं. त्यानंतर अकरा सेकंद कुणीच बोलत नाही, फक्त मेथीच्या काड्या मोडल्याचा आवाज आहे.

सॉफ्टवेअर अशा जागा आपोआप कापून देतं. मी ती अकरा सेकंदं तशीच ठेवली. काकूंचा आवाज लांबून आलाय, तो वर आणताना मागची खरखरही वर येते, ती पण ठेवली. मला सगळे सांगतात व्हिडिओ कर, रील्स टाक, आजकाल ऑडिओ कोण ऐकतं. पण समोर कॅमेरा आणि लाइट असते तर काकूंनी आधी साडी बदलली असती, मेथी उचलून ठेवली असती आणि काकांकडे बोट दाखवून म्हटलं असतं, त्यांना विचार.

त्या भागाला आत्तापर्यंत १४० डाऊनलोड आहेत. काकूंच्या फोनवर ॲप टाकून दिलं, त्यांनी हेडफोन न लावता पूर्ण भाग ऐकला, ओट्याशी उभं राहून. मग म्हणाल्या, "माझा आवाज फार लांबून येतोय गं. पुढच्या वेळी मला पण जवळ बसव."

येत्या रविवारी जातेय, दोन माइक घेऊन.