आत्याची गाडी

बुधवार, रात्री साडेदहा

आजची सकाळ एका टिंबाने खाल्ली. टिंब आणि त्याखाली स्वल्पविराम, म्हणजे अर्धविराम.

रविवारी गडहिंग्लजला बारसं. इथून, कोल्हापुरातून, तीन गाड्या निघणार. कोण कुठल्या गाडीत, ते काल रात्री झोपेत असल्यासारखं घरच्या ग्रुपवर टाकलं: 'बावड्याचे मामा, मामी, आजी, राजारामपुरीचे काका, काकू, दोन पोरं, पेठेतली आत्या, तिची सून, बाळ.' सकाळी सातला आत्याचा फोन. "का रं, मला काकाच्या गाडीत घातलंस व्हय? त्याची तंबाखू मला सोसत न्हाई." तेवढ्यात काकूंनी विचारलं, आजी आमच्याबरोबर का? कुठली गाडी कुठं संपते हे माझ्या डोक्यात होतं, ओळीत नव्हतं.

मग 'आजी'नंतर आणि 'पोरं'नंतर अर्धविराम घातले. स्वल्पविराम एका गाडीतल्या माणसांना, अर्धविराम दोन गाड्यांना. फोनवर तो शोधायला चिन्हांच्या पानावर जावं लागलं. पोरगं शेजारून डोकावलं. "बाबा, कुणाला डोळा मारालाय?" त्यांच्या पिढीत याचं एवढंच काम उरलंय, पुढे कंस जोडून डोळा मारणारा चेहरा करायचा.

शाळेत शिकवलेलं, स्वल्पविरामाला 'एक' म्हणेपर्यंत थांबायचं, अर्धविरामाला 'दोन'. त्या हिशेबाने मी वर्षानुवर्षं जिथं दम लागेल तिथं अर्धविराम ठोकला. श्वासाचा काही संबंध नाही. यादी सोडली तर दोन्हीकडे आपापल्या पायावर उभं राहणारं वाक्य हवं, आणि दोघांचं काहीतरी नातं हवं. दर पावसाळ्यात आपण वाचतो तेच बघा ना: पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर ३९ फुटांना इशारा पातळी लागते; ४३ फुटांना धोका पातळी. तिथं पूर्णविराम दिला तर दोन वेगळ्या बातम्या होतात. किंवा, 'गावात ऊन पडलं; पण पंचगंगा चढतच होती.' वर घाटात आणि धरणक्षेत्रात कोसळलेलं पाणी मागून येत असतं, म्हणून तो 'पण'. २०१९ च्या महापुरात ज्यांनी घरातलं सामान माळ्यावर टाकलं त्यांना हा 'पण' समजावून सांगावा लागत नाही. उलट 'पाऊस थांबल्यावर; आम्ही बाहेर पडलो' हे सरळ चूक, कारण पहिला तुकडा एकटा उभाच राहत नाही. असली वाक्यं माझ्या जुन्या अर्जांत ढिगाने सापडतील.

आजोबांचा एक मोडी कागद कपाटात आहे. आधी आडवी रेघ ओढलेली, तिला अक्षरं टांगलेली. शब्दांत फट नाही, विरामचिन्ह तर नाहीच. ही चिन्हं मराठीत रुळवली ती मेजर थॉमस कँडी या इंग्रजाने, एकोणिसाव्या शतकात. त्याआधी लोक जमिनीचे व्यवहार करतच होते म्हणा. आमच्या आत्याचे मात्र झाले नसते.

दुपारी तिचा परत फोन.

"आत्ता कळलं रं. पण सुनेबरोबर? दोन तास? त्यापरास काकाची तंबाखू परवडली."