वेचणीच्या दिवसांतला शब्बाथ

जालना जिल्ह्यातील आमच्या ख्रिस्ती मंडळीत रविवारची उपासना सहसा कोणी चुकवत नाही. मात्र उपासनेनंतरचा दिवस बहुतेकांचा इतर दिवसांसारखाच शेतात जातो, आणि माझाही वर्षानुवर्षे तसाच जात होता. पवित्र शास्त्रातील निर्गम 34:21 वाचताना मी थबकलो, कारण तेथे नांगरणीच्या आणि कापणीच्या हंगामातही सातव्या दिवशी विसावा घेण्यास सांगितले आहे. उन्हाळ्यात रान रिकामे असताना विसावा घेण्यासाठी आज्ञा कशाला हवी? ती लागते दिवाळीच्या आगेमागे, जेव्हा सोयाबीन खळ्यावर असते, कापूस फुटलेला असतो आणि आभाळ भरून येते.

म्हणून आम्ही शब्बाथ, म्हणजे आठवड्यातला विसाव्याचा पवित्र दिवस, पाळायचे ठरवले आणि त्यासाठी शनिवारच्या सूर्यास्तापासून रविवारच्या सूर्यास्तापर्यंतची वेळ धरली. पवित्र शास्त्रातील शब्बाथ संध्याकाळी सुरू होतो, हे एक कारण. दुसरे असे की, रविवारी दिवेलागणीनंतर सोमवारच्या मजुरांची बोलणी करायला मोकळीक राहते. जेवणासाठी शनिवारीच धपाटे आणि शेंगदाण्याची चटणी करून ठेवू लागलो. परंतु त्या तयारीचा सगळा भार पत्नीवर टाकून मी दुसऱ्या दिवशी निवांत बसणे योग्य नव्हते, म्हणून दाणे भाजण्यापासून भांडी घासण्यापर्यंतची कामे मी माझ्याकडे घेतली.

गोठ्याचा प्रश्न अवघड वाटत होता, पण तो लवकर सुटला. शब्बाथ दिवशीही माणूस आपला बैल किंवा गाढव सोडून पाण्यावर नेतोच, असे प्रभू येशूने लूक 13:15 मध्ये म्हटले आहे. तेव्हा वैरण, पाणी आणि धार ही कामे चालू ठेवली. शेतीपंपाच्या विजेची पाळी रविवारी आली, तर मात्र दर वेळी मन द्विधा होते. पीक सुकत असेल तर मोटार सुरू करतो, नसेल तर ती पाळी सोडून देतो.

सर्वांत कठीण गोष्ट मजुरीची निघाली. अनुवाद 5:14 मध्ये दास, दासी आणि बैल यांची नावे घेऊन, त्यांनाही मालकासारखाच विसावा मिळावा, असे सांगितले आहे. बैलाच्या बाबतीत आपल्याकडे हे नवे नाही. पोळ्याला त्याच्या खांद्यावर कोणी जू ठेवत नाही. पण कापूस वेचणाऱ्या बायकांना किलोमागे पैसे मिळतात, त्यामुळे मी रविवारी काम बंद ठेवले की माझा विसावा होतो आणि त्यांची मजुरी बुडते. त्यांच्यातील वयाने मोठ्या बाईंनी मला विचारले, “दादा, रविवारी आम्ही शेजारच्या वावरात गेलो तर चालंल का?” त्या परवानगी मागत होत्या, हेच मला बोचले. त्यांना घरी बसवण्याचा अधिकार मला कोणी दिला नव्हता. मी एवढेच ठरवले की आठवड्याचा हिशेब शनिवारी संध्याकाळी वजन होताच चुकता करायचा, म्हणजे पैशासाठी रविवारी कोणाला माझ्या दारात ताटकळावे लागणार नाही. वेचणीचा दर थोडा वाढवून त्यांचा रविवार भरून काढता येईल का, याचा हिशेब पत्नी आणि मी सध्या मांडत आहोत. कापसाच्या आजच्या भावात तो अजून बसलेला नाही.