भागीदारीचा करार सलोख्याच्या दिवसांतच लिहावा

नवा व्यवसाय सुरू करताना आपल्याकडे पहिला फोन सीएला जातो. जीएसटी, चालू खाते, उद्यम नोंदणी ही कामे तो चोख करून देतो. मात्र त्याच ओघात भागीदारीचा करारही एखाद्या जुन्या नमुन्यातली नावे बदलून तयार होतो, आणि माझ्या मते वकिलाची खरी गरज नेमकी त्याच कागदासाठी असते.

मी आणि माझ्या नणंदेने लालबागला मसाल्यांचा व्यवसाय सुरू करायचे ठरवले, तेव्हा दादरच्या एका वकीलबाईंकडे गेलो. त्यांनी मसुदा काढण्याआधी विचारले, "ताई, उद्या तुमच्यापैकी एकीला बाहेर पडायचे झाले, तर मसाल्याचे नाव आणि कृती कोणाकडे राहणार?" नणंद म्हणाली, "कृती माझ्या आईची आहे आणि वहिनी घरचीच आहे." त्यावर त्या म्हणाल्या, "म्हणूनच आत्ता विचारते आहे."

करारात काही लिहिले नसेल, तर 1932 चा भागीदारी कायदा आपल्या वतीने उत्तरे देतो आणि ती सहसा आपल्या मनातली नसतात. भांडवल कोणी किती घातले हे न पाहता नफा समान वाटला जातो. रोज सकाळी मसाला कुटण्याच्या डंकावर उभ्या राहणाऱ्या भागीदाराला त्या श्रमांचा वेगळा मोबदला मागता येत नाही. एका भागीदाराचा मृत्यू झाला, तर फर्मच विसर्जित होते. आम्ही या तिन्ही बाबी आमच्या पद्धतीने लिहून घेतल्या. नाव फर्मचे ठरले, आणि बाहेर पडणारीने ठरावीक काळ मुंबईत मसाल्याचाच व्यवसाय करू नये, असे कलम घातले. मुदत आणि क्षेत्र वाजवी असेल, तर कायदा असे बंधन मान्य करतो.

फर्मची नोंदणी सक्तीची नाही, म्हणून अनेक जण ती टाळतात. परंतु नोंदणी नसलेल्या फर्मला बुडवलेल्या उधारीसाठी ग्राहकावर दावा लावता येत नाही, हे त्याच भागीदारी कायद्याचे कलम 69 वाचल्यावर कोणी ती टाळेल असे मला वाटत नाही.

नावाचा प्रश्न याहून वेगळा आहे. जीएसटी प्रमाणपत्रावर नाव आले म्हणजे ते आपले झाले, हा समज सर्वत्र आढळतो आणि तो चुकीचा आहे. त्यासाठी ट्रेडमार्कचा अर्ज करावा लागतो; त्यात मालाचे वर्ग ठरलेले असतात, मसाले तिसाव्या वर्गात येतात आणि उद्यम प्रमाणपत्र असलेल्या लहान उद्योगाला ऑनलाइन अर्जाचे शुल्क 9,000 ऐवजी 4,500 रुपये पडते. अर्ज ट्रेडमार्क कार्यालयाच्या जर्नलमध्ये प्रसिद्ध झाल्यावर हरकतींसाठी चार महिने असतात, आणि नोंदणी झाली की संरक्षण दहा वर्षांचे मिळते व पुढे नूतनीकरण करता येते. "स्वादिष्ट मसाले" यासारखे केवळ मालाचे वर्णन करणारे नाव मात्र सहसा नाकारले जाते, त्यामुळे पाकिटे छापायला टाकण्यापूर्वी तसे नाव आधी कोणी घेतले आहे का, याचा वकिलाकडून शोध घेऊन घ्यावा.

फीच्या धास्तीने वकिलाकडे न जाणाऱ्या भगिनींसाठी एक गोष्ट आवर्जून लिहिते. 1987 च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्यानुसार स्त्रियांना उत्पन्नाची अट न लावता मोफत विधी सेवा मिळू शकते, आणि त्या सेवेच्या व्याख्येत कायदेशीर बाबींवरील सल्लाही येतो. कराराचा मसुदा हाती असेल, तर सही करण्याआधी तो घेऊन जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या कार्यालयात जावे.