हवामानशास्त्रातली पहिली इंटर्नशिप, पहिली नोकरी: कुणाला लिहायचं, कधी, आणि काय दाखवून

बीएस्सी फिजिक्सच्या वर्गात कुणी ‘हवामान खात्यात जायचंय’ म्हणालं की बाकीच्यांच्या डोळ्यासमोर एकच इमारत येते, शिवाजीनगरच्या शिमला ऑफिसची. पुण्यातसुद्धा अनेकांना माहीत नसतं की या शहरात हवामानाची दोन वेगवेगळी घरं आहेत. शिवाजीनगरला भारतीय हवामान विभाग, म्हणजे आयएमडी. १८७५ मध्ये स्थापन झालेलं हे खातं निरीक्षणं, अंदाज, उपकरणं आणि आकडेवारीचा साठा सांभाळतं. पाषाणला भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्था, म्हणजे आयआयटीएम. १९६२ पासूनची ही संशोधन संस्था आहे. दोन्ही केंद्राच्या पृथ्वी विज्ञान मंत्रालयाखाली येतात, पण त्यांची दारं वेगळी. विद्यार्थ्यांना शिकाऊ काम मिळण्याची शक्यता पाषाणला जास्त, आणि कायम नोकऱ्या जास्त आयएमडीत. एकाला लिहायचं पत्र दुसऱ्याला गेलं की त्याला उत्तर येत नाही, आणि विद्यार्थी समजतो की ‘ओळख लागते’.

इंटर्नशिप संस्था देते असं कागदावर दिसतं. खरं तर ती एक शास्त्रज्ञ देतो, ज्याच्याकडे एक छोटा अडकलेला प्रश्न आहे आणि तो सोपवायला हात नाहीत. म्हणून ‘मला आपल्या नामांकित संस्थेत काम करण्याची संधी द्यावी’ हे वाक्य असलेलं पत्र चाळीस जणांना एकदम पाठवणं म्हणजे शुद्ध वेळ वाया. पाच-सहा शास्त्रज्ञ निवडा. प्रत्येकाचे गेल्या तीन वर्षांतले दोन शोधनिबंध निदान गोषवारा, आकृत्या आणि निष्कर्ष एवढे तरी वाचा. पत्र सात-आठ ओळींचं असू द्या: कुठलं कॉलेज, कुठलं वर्ष, त्यांच्या कुठल्या कामातला कुठला भाग, तुम्हाला काय येतं, कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत मोकळे आहात. सोबत एक पानी बायोडेटा, गुणपत्रिका आणि स्वतः काढलेली एक आकृती. दहा-बारा दिवसांत उत्तर आलं नाही तर एकदाच आठवण करा, मग पुढच्या नावाकडे वळा.

वेळ फार महत्त्वाची. मे ते जुलैसाठी नोव्हेंबर ते जानेवारीत लिहायला हवं. एप्रिलमध्ये लिहिलेलं पत्र चांगलं असलं तरी परवानगी, कॉलेजचं ना-हरकत पत्र, प्रवेशपास या कागदांना काही आठवडे लागतात. जूनपासून अंदाज विभागातल्या लोकांना मान वर करायला सवड नसते, त्यामुळे पावसाळ्यात त्यांच्याकडून शिकवणीची अपेक्षा ठेवू नये. भारतीय विज्ञान अकादमींची उन्हाळी संशोधन फेलोशिप हा दुसरा रस्ता. दोन महिन्यांची, विद्यावेतन आणि प्रवासभाडं देणारी. तिचे अर्ज आदल्या वर्षीच, सहसा नोव्हेंबरपर्यंत भरावे लागतात आणि शिक्षकाचं शिफारसपत्र लागतं, त्यामुळे दिवाळीच्या सुट्टीआधीच सरांना गाठा. बाकी ठिकाणी विद्यावेतन मिळेल असं धरून चालू नका. पाषाण-सूसच्या बाजूला कॉट बेसिसवर राहण्याचा खर्च आधीच हिशेबात घ्या.

महिन्याभराची इंटर्नशिप जवळजवळ निरुपयोगी असते. पहिले दोन आठवडे संगणकाचं खातं मिळण्यात, लिनक्सशी जुळवून घेण्यात आणि डेटा उतरवण्यात जातात. आठ आठवडे किमान. एमएस्सीच्या शेवटच्या सत्रातला पाच-सहा महिन्यांचा प्रबंध सर्वांत फलदायी, कारण त्यातून खरंखुरं काम उभं राहतं आणि शिफारसपत्र लिहिणाऱ्याला तुमच्याबद्दल लिहायला काही असतं.

आता ती ‘स्वतः काढलेली आकृती’. गुणांपेक्षा इथे निकाल लागतो, म्हणून जरा सविस्तर.

आपल्या जिल्ह्याचा पाऊस घ्या. आयएमडी पुणे आपल्या संकेतस्थळावर १९०१ पासूनचा रोजचा पाऊस पाव अंशाच्या चौकटींत मोफत देतं. प्रत्येक वर्षाची एक बायनरी फाइल. चौकटी पूर्व-पश्चिम १३५ (६६.५ ते १०० अंश) आणि दक्षिण-उत्तर १२९ (६.५ ते ३८.५ अंश), प्रत्येक आकडा ४ बाइटचा. म्हणजे साध्या वर्षाची फाइल बरोबर २,५४,२५,९०० बाइट आणि लीप वर्षाची २,५४,९५,५६० बाइट भरली पाहिजे. कमी भरली तर उतरवताना तुटली. पायथनमध्ये वाचताना तीन गोष्टी हमखास चुकतात. एक, जिथे नोंद नाही तिथे −९९९ आहे; तो काढला नाही तर कोकणाचा सरासरी पाऊस उणे येतो. दोन, ओळी दक्षिणेकडून उत्तरेकडे जातात. लक्ष दिलं नाही तर काश्मीर खाली आणि केरळ वर. तिसरी चूक सर्वांत छुपी. आयएमडीचा ‘१५ जुलैचा पाऊस’ म्हणजे १४ तारखेच्या सकाळी साडेआठपासून १५ च्या सकाळी साडेआठपर्यंतचा.

ही तिसरी गोष्ट तुलना करताना गळ्याशी येते. युरोपीय हवामान अंदाज केंद्राचा ईआरए५ हा पुनर्विश्लेषित डेटा (जुनी निरीक्षणं मॉडेलमध्ये घालून नव्याने तयार केलेला) ताशी आहे, वेळ जागतिक आहे आणि पाऊस मीटरमध्ये आहे. प्रत्येक आकडा त्या वेळेला संपणाऱ्या तासाचा. सकाळचे साडेआठ म्हणजे जागतिक वेळेचे ३. म्हणून १५ जुलैशी जुळवायला १४ तारखेच्या ४ वाजल्यापासून १५ तारखेच्या ३ वाजेपर्यंतचे २४ आकडे बेरजेत घ्यायचे आणि १००० ने गुणायचं. बरेच विद्यार्थी सरळ तारखेवर तारीख ठेवतात, सहसंबंध घसरतो, आणि अहवालात लिहितात की ईआरए५ महाराष्ट्रासाठी निकृष्ट आहे. असला निष्कर्ष वाचणारा शास्त्रज्ञ पहिल्यांदा दिवसाची व्याख्याच तपासतो.

मग दिवस मोजा: ६४.५ मिलिमीटरपासून जोरदार, ११५.६ पासून अतिजोरदार, २०४.५ पासून अत्यंत जोरदार. इथे एक मोह आवरा. एका चौकटीत १९०१ पासूनची रेघ ओढून ‘अतिवृष्टी वाढली’ म्हणू नका. शंभर वर्षांत पर्जन्यमापक केंद्रं सुरू झाली, बंद पडली. चौकटीतला आकडा आजूबाजूच्या केंद्रांवरून काढलेला असतो. पाव अंश म्हणजे सुमारे २७ किलोमीटर. महाबळेश्वरचा घाटमाथा आणि वाईचा पर्जन्यछायेचा प्रदेश त्यात एकमेकांत मिसळतात. ही मर्यादा एका परिच्छेदात नीट लिहिणारा विद्यार्थी दहा रंगीत नकाशे पाठवणाऱ्यापेक्षा पुढे जातो. दोन आकृत्या, एक पान मजकूर, कोड गिटहबवर. एवढं पुरे.

कौशल्यांचं म्हणाल तर लिनक्सची कमांड लाइन, पायथनमध्ये एक्सअरे ही लायब्ररी, नेटसीडीएफ या प्रकारच्या डेटा फाइल हाताळण्यासाठी सीडीओ, आणि फोरट्रान निदान वाचता येण्याइतकं. मोठी मॉडेलं अजून त्यातच आहेत. ‘डब्ल्यूआरएफ येतं’ (म्हणजे हवामानाचं ते संगणकी मॉडेल चालवता येतं) असं बायोडेटात लिहिण्याआधी विचार करा. मुलाखतीत विचारतात: मॉडेलच्या आतल्या जाळीतलं अंतर बाहेरच्या जाळीच्या एक तृतीयांश का ठेवलं? काळाचं पाऊल किती? (अंतर किलोमीटरमध्ये घेऊन त्याच्या सहापट सेकंद, म्हणजे ९ किलोमीटरला ५४ सेकंद, हा नेहमीचा ठोकताळा.) ३ किलोमीटरच्या जाळीत संवहनाची (ढगांत वर उठणाऱ्या हवेची) योजना का बंद केली? याची उत्तरं नसतील तर तो शब्द बायोडेटातून काढलेला बरा.

आणखी एक निरीक्षण. सगळ्यांना मॉडेल आणि मशीन लर्निंग हवं असतं. उपकरणांकडे फारसं कुणी फिरकत नाही. आयआयटीएमची महाबळेश्वरला ढगांच्या भौतिकीची प्रयोगशाळा आहे, मध्य प्रदेशात सिहोरजवळ सिलखेड्याला निरीक्षणांचं मोठं केंद्र आहे. पावसाच्या थेंबांचा आकार मोजणाऱ्या उपकरणाचा डेटा स्वच्छ करायला तयार असलेल्या मुलाला जागा लवकर मिळते. काम कंटाळवाणं वाटतं, पण हात बसतो.

नोकऱ्यांकडे येऊ. आयएमडीत पदवीनंतरचं मुख्य दार म्हणजे वैज्ञानिक सहायक. भरती कर्मचारी निवड आयोगाकडून होते. २०२२ ची जाहिरात ९९० पदांची होती: बारावीला भौतिकशास्त्र आणि गणित, पुढे भौतिकशास्त्र एक विषय असलेली बीएस्सी, किंवा संगणकशास्त्राची पदवी, किंवा इलेक्ट्रॉनिक्स-टेलिकम्युनिकेशनची पदविका, पहिला वर्ग, वय ३० पर्यंत. २०० प्रश्न, २०० गुण, दोन तास. निम्मे प्रश्न सामान्य क्षमतेचे, निम्मे विषयाचे, चुकीला पाव गुण वजा. वेतनस्तर ६, म्हणजे मूळ पगार ३५,४०० पासून. हवामानशास्त्राची पदवी इथे मागितलेलीच नाही. ते निवडीनंतर खातं शिकवतं. अडचण अशी की ही भरती दरवर्षी निघत नाही. त्याआधीची २०१७ मध्ये झाली होती. म्हणून फक्त तिच्या भरवशावर तीन वर्षं क्लास लावून बसणं मला पटत नाही. शिवाय नेमणूक देशात कुठेही, पाळीत काम, विमानतळावर असाल तर दर अर्ध्या तासाला निरीक्षण. हे जमणार असेल तरच.

संशोधनाकडे जायचं तर नेट किंवा गेट हवं. नेटचा विषय पृथ्वी, वातावरण, महासागर व ग्रहविज्ञान. गेटमध्ये एक्सई पेपरमधला वातावरण व महासागर विज्ञानाचा विभाग. एक्सईमध्ये अभियांत्रिकी गणित सक्तीचं असतं, त्याला हलकं घेऊ नका. कनिष्ठ संशोधन फेलोला २०२३ पासून महिना ३७,००० आणि वरिष्ठ झाल्यावर ४२,०००, घरभाडं वेगळं. आयआयटीएममार्फत मंत्रालयाची संशोधन फेलो भरतीही होते, त्यातून पीएचडीला नोंदणी करता येते. पुणे विद्यापीठ, कोचीचं कुसॅट, विशाखापट्टणमचं आंध्र विद्यापीठ, दिल्ली आणि भुवनेश्वरचं आयआयटी, बंगळुरूचं आयआयएससी ही या विषयाच्या पदव्युत्तर शिक्षणाची ओळखीची ठिकाणं. गोव्यात वास्कोला ध्रुवीय व महासागर संशोधन केंद्र आहे. त्याच्या प्रकल्पपदांच्या जाहिराती मराठी मुलं फारशी पाहत नाहीत, हे मला नेहमी नवल वाटतं.

प्रकल्पपदं कंत्राटी असतात हे विसरू नका. मिशन मौसम या केंद्राच्या हवामान मोहिमेला सप्टेंबर २०२४ मध्ये दोन वर्षांसाठी २,००० कोटींची मंजुरी मिळाली. अशा मोहिमांबरोबर प्रकल्पपदांच्या जाहिराती येतात. पण त्याच वर्षी मार्चमध्ये कृषी विज्ञान केंद्रांतली जिल्हा कृषी हवामान केंद्रं बंद झाली आणि दर मंगळवारी-शुक्रवारी शेतकऱ्यांना सल्ला देणारे तज्ज्ञ घरी बसले. म्हणून प्रकल्पपद घ्या, जरूर घ्या, पण ते चालू असतानाच एक शोधनिबंध आणि पुढची परीक्षा हातात ठेवा.

खासगी क्षेत्रात सध्या सर्वांत जास्त मागणी पवन आणि सौर विजेच्या अंदाजाला आहे. दिवसाचे १५-१५ मिनिटांचे ९६ भाग, प्रत्येकासाठी किती वीज येणार हे आधी कळवायचं, आणि चूक ठरलेल्या मर्यादेपलीकडे गेली की वीजकेंद्राला दंड. इथे पीएचडीपेक्षा एसक्यूएल, आपोआप चालणारी पाइपलाइन आणि रात्री दोनला डेटा आला नाही तर काय करायचं याचं उत्तर महत्त्वाचं. दुसरं क्षेत्र पीकविमा: हवामान आधारित फळपीक विम्यात द्राक्ष, डाळिंब, आंबा यांची भरपाई महसूल मंडळातल्या स्वयंचलित केंद्राच्या आकड्यावर ठरते, त्यामुळे चुकीचा संवेदक ओळखणारा माणूस लागतो. वायुसेनेची हवामान शाखा एएफकॅट या प्रवेशपरीक्षेमार्गे वर्षातून दोनदा उघडते, वय २० ते २६. आखाती देशांत विमानतळांवर जायचं असेल तर जागतिक हवामान संघटनेने ठरवलेला मूलभूत अभ्यासक्रम आपल्या पदवीत भरतो का, हे प्रवेश घेतानाच तपासा.

शेवटी कागदपत्रं, कारण चांगले उमेदवार इथेच गळतात. पात्रता पदवीचा निकाल अर्जाच्या शेवटच्या तारखेआधी लागलेला हवा. ‘निकाल प्रलंबित’ चालत नाही. अनुभव बहुधा आवश्यक पदवीनंतरचाच मोजतात. सीजीपीए असेल तर विद्यापीठाचं टक्केवारीत रूपांतर करणारं पत्र जोडा. ओबीसींना केंद्राच्या नमुन्यातलं नॉन-क्रीमीलेअर प्रमाणपत्र लागतं; राज्याच्या नमुन्यातलं चालत नाही. महाराष्ट्रातल्या व्हीजे-एनटी प्रवर्गांना केंद्रात स्वतंत्र आरक्षण नाही, म्हणून आपली जात केंद्रीय ओबीसी यादीत आहे का ते आधी पाहा. तहसीलमधून हे प्रमाणपत्र यायला वेळ लागतो, जाहिरातीची मुदत मात्र अनेकदा तीन आठवड्यांचीच असते.